तुळसाच्या खोलीतली चिलटं

१९७४ साल. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. इंझोरीची माणसं पत्त्यावर 'जिल्हा अकोला' असं लिहायची. मे महिन्याची सुट्टी लागून आठ दिवस झाले होते आणि त्या मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता, इंद्रभानजींच्या घरामागच्या एका कुलूपबंद दाराला तीन डोकी चिकटली होती.

"काही दिसून राह्यलं का?" फुलचंद कुजबुजला.

"तू आपलं टकुरं बाजूले घेतलं तर दिसन ना!" भागिरथा म्हणाली.

"चूप बसा दोघंही!" वच्छलाने दटावलं. "आयका."

तिघांनी श्वास रोखला. आत थेंब पडत होता. टप्. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा टप्. आणि त्या थेंबांच्या मधे अगदी बारीक आवाज येत होता, कुणीतरी मिटल्या ओठांनी बोलल्यासारखा. शब्द कळत नव्हते. पण बोलणं कुणालातरी उद्देशून होतं, एवढं मात्र कळत होतं.

"कुलूप बाहेरून लावलेलं हाय," फुलचंद म्हणाला. "मंग आत कोन हाय?"

आतला आवाज एकदम थांबला. जणू त्याने ऐकलं!

तिघं अशी धावली की थेट चिंचेखालीच थांबली. गावात चिटपाखरू नव्हतं. ऊन पांढरंफटक पडलं होतं. कुत्रीसुद्धा भिंतींच्या सावलीत मेल्यासारखी पडली होती.

ती खोली म्हणजे दौलतकाकांची बाग होती. हो, खोलीतली बाग! भागिरथाचे हे धाकटे काका अकोल्याला एका प्रयोगशाळेत बारा वर्षं काम करत होते. तिथे त्यांनी मातीशिवाय वाढणारी झाडं पाहिली आणि त्यांना त्याचं वेडच लागलं. फेब्रुवारीत बिनपगारी रजा घेऊन ते गावी आले. मागच्या पडीक खोलीच्या छपरात काचेची कौलं बसवली, लाकडी पेट्यांना आतून डांबर फासलं, त्यांत बारीक खडी भरली आणि टोमॅटोची चाळीस रोपं लावली. माती नाही, शेण नाही. नुसती खडी आणि औषधं विरघळवलेलं पाणी. पेटीच्या बुडाशी रबरी नळी होती आणि नळीला बादली. बादली वर उचलली की पाणी खालून खडीत चढायचं, खाली ठेवली की उतरायचं.

"उन्हाळ्यात कुठी टमाटे पिकत असतात का?" गाव हसायचं.

"खोलीत पिकतात!" काका म्हणायचे.

एप्रिलमध्ये रोपं गुडघ्याएवढी झाली तेव्हा हसणारे थोडे गप्प झाले. पण मग काहीतरी बिघडलं. रोज सकाळी दोन-तीन रोपं आडवी पडलेली दिसू लागली. वरून हिरवीगार, पण मान टाकलेली. आणि खोलीत काळी चिलटं झाली. आधी चार-दोन, मग शेकडो.

भागिरथाचे वडील इंद्रभानजी शब्दाचे कडक होते. त्यांनी सोमवारीच सांगून टाकलं होतं, "दौलत, लोकं म्हनून राह्यले की खोली चांगली नाई. रविवारी उकंडराव भगताले बोलावलं हाय. तो धूर करन, खोली साफ करन. खडीबिडी सारी नाल्यात जाईन. अन् तू आपला अकोल्याले जाय. नोकरी तरी शाबूत राहीन."

काकांनी अकोल्याहून आणलेली पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. ती पेटी पाहिल्यापासून भागिरथाला जेवण जात नव्हतं. काजवा का चमकतो, विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट का असतं, असं काहीही विचारलं तरी 'गप बस' न म्हणणारं घरात एकच माणूस होतं. तेच चाललं होतं!

"रविवारपर्यंत आपल्यापाशी पाच दिवस हायत," ती चिंचेखाली म्हणाली. "आत कोन हाय ते शोधून काढू."

"अन् सापडलं तर?" तांड्यावरचा फुलचंद एरवी सापाला भीत नसे. "तुह्या आत्यानंच सांगतलं ना, त्या खोलीत पोरगी मेली व्हती म्हनून?"

ते खरं होतं. काकांची आणि बाबांची थोरली बहीण, कस्तुराआत्या, रोज बजावायची, "बाराच्या ठोक्याले तिकडं जाऊ नोका रे. तुळसाची खोली हाय ते." तुळसा म्हणजे तिची पाठची बहीण. चाळीस वर्षांपूर्वी, बारा वर्षांची असताना, त्याच खोलीत तापाने गेलेली.

दोघांनी वच्छलाकडे पाहिलं. वच्छला जगदेव गुरुजींची मुलगी; भागिरथाच्या घरी ती नेहमी मागच्या दारानेच यायची. तिच्या घरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून भूत, भगत, अंगात येणं, सगळं बंद होतं. त्यामुळे तिच्यापुढे मोठी अडचण होती. तिला भीती तर वाटत होती. पण तिच्या घरात भुताची भीती वाटून घ्यायची सोयच नव्हती.

"बाबा म्हनतात, पाह्यल्याशिवाय मानू नोका," ती म्हणाली. "मंग पाहूनच घेऊ!"

चार वाजता काकांनी कुलूप उघडलं तेव्हा तिघंही त्यांच्या मागोमाग आत शिरली.

आत गारवा होता आणि आंबूस वास. काचेच्या कौलांतून उन्हाचे चार तिरपे खांब खाली उतरले होते. पलीकडच्या कोपऱ्यात कापसाची रिकामी पोती रचलेली होती. काकांनी पहिल्या पेटीला हात लावला आणि खडीतून काळा धूर उठला! धूर नव्हे, चिलटं. आवाज न करता ती उन्हाच्या खांबात शिरली, तिथे घोळली, लांबली, आणि क्षणभर तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बारीक अंगाचं. भागिरथाएवढ्याच उंचीचं. मग ते विस्कटलं आणि सरळ त्यांच्या तोंडांवर आलं.

"अगं माय!" फुलचंद ओरडला. "भागी, तुह्या अंगावर पाह्य!"

भागिरथाने खाली पाहिलं. तिच्या पिवळ्या पोलक्यावर चिलटं बसली होती. दहा, वीस, पन्नास. फुलचंदच्या सदऱ्यावर एक नाही, वच्छलाच्या निळ्या फ्रॉकवर एक नाही. फक्त तिच्यावर!

"तिनं तुलेच धरलं," फुलचंद मागे सरकत म्हणाला. "तूबी बारा वर्षांची!"

भागिरथाने पोलकं झटकलं. काकांचं लक्षच नव्हतं. ते झारीने रोपांवर पाणी घालत होते. "माना टाकून राह्यले बिचारे. तहान लागली यायले. बादलीचं पानी पुरत नाई, म्हनून मी वरूनही देतो." मग त्यांनी कोपऱ्यातली पांढरी पावडर भुरभुरवली, खोकले आणि म्हणाले, "चार वेळा मारली पावडर. चिलटं दुसऱ्या दिवशी तेवढीच! कुठून येतात, काही समजत नाई."

बाहेर आल्यावर वच्छलाने भागिरथाच्या अंगावरची चिलटं न्याहाळली. मग म्हणाली, "भागी, तुहं पोलकं दे मले."

"आता?"

"घरून दुसरं घालून ये ना, येडे!"

पिवळं पोलकं त्यांनी खोलीतल्या दोरीवर वाळत घातल्यासारखं टांगलं. आत भागिरथा नाही, कुणीच नाही. सकाळी काकांनी दार उघडल्यावर पाहिलं तर पोलकं चिलटांनी ठिपकेदार झालेलं!

"पाह्यलं?" वच्छलाचा आवाज आनंदाने चिरकला. "त्यायले तू नाई, पिवळा रंग आवडते! तुले कोनी धरलं नाई!"

भागिरथा पायरीवर बसली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

दुसरा शोध फुलचंदच्या नावावर. रोपांची मुळं उंदीर खात असणार, असं त्याचं मत होतं. म्हणून त्याने मंगळवारीच कच्च्या बटाट्याच्या चकत्या कापून खडीवर ठेवल्या होत्या. उंदीर काही आला नाही. पण बुधवारी, काका विहिरीवर गेले असताना, त्याने चकती उचलली आणि किंचाळून फेकलीच!

चकतीच्या खालच्या बाजूला काहीतरी वळवळत होतं. वच्छलाने गुरुजींचं भिंग आणलं होतं. भिंगाखाली दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या दिसल्या, काचेसारख्या आरपार, आणि प्रत्येकीला काळंभोर डोकं. त्यांच्या मागे खडीवर चकाकते माग उमटले होते. वच्छलाने पडलेलं एक रोप उपटलं. मुळांच्या जागी नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि त्या काड्यांतही तीच काळी डोकी.

"चिलटांची पिल्लं!" भागिरथा म्हणाली. "खडीत राहून मुळं खातात. म्हनून पावडरीनं मरत नाईत. पावडर वर, हे खाली!"

"पन खडीत खायले काय हाय यायले?" फुलचंदने विचारलं. "शेन नाई, माती नाई. एवढी फौज पोसते कोन?"

वच्छलाने बोटांनी खडी उकरायला सुरुवात केली. वीतभर उकरल्यावर ती थांबली.

खडीखाली एक गोळा होता. पांढरा, मऊ. त्यावर राखाडी लव उगवली होती, म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी. आंबूस वास त्यालाच येत होता. शेजारी दुसरा गोळा. मग तिसरा, तो ताजा. आणि त्या ताज्या गोळ्यावर पाच बोटं उमटली होती. माणसाची.

छपराच्या काचेवर एक कावळा येऊन बसला आणि त्याची सावली पेटीवरून सरकत गेली.

"किल्ली काकांपाशी असते," शेवटी वच्छला म्हणाली. "दुसरं दार?"

"ते? पोत्यांच्या बाजूले? ते घरात उघडते. पन त्याले कायम कडी असते. घरातून."

"घरातून," वच्छला सावकाश म्हणाली.

गुरुवारी साडेअकरालाच तिघं पोत्यांमागे जाऊन बसली. काका मानोऱ्याला बाजारात गेले होते, किल्ली भागिरथाला देऊन. फुलचंदने बाहेरून कुलूप लावलं आणि छपराजवळच्या झरोक्याच्या मोडक्या गजातून आत उतरला.

"मी शिंकलो तर मले मारा," तो म्हणाला.

"शिंकायच्या आधीच मारतो," वच्छला म्हणाली.

मग बोलणं संपलं. उन्हाचे खांब सरळ होत होत उभे झाले. चिलटं त्यांत वर-खाली होत होती. टप्. बादलीत थेंब पडला. तिघांनी एकमेकांचे हात धरले होते. कुणाचा हात घामेजला होता ते कुणालाच कळत नव्हतं. टप्.

कडी वाजली.

दार आवाज न करता उघडलं. आधी एक हात आत आला. सुरकुतलेला, पाची बोटांना पांढरं काहीतरी लागलेला. मग पांढरं लुगडं. ती आकृती पेट्यांपाशी आली, खाली बसली, खडी उकरली आणि बोलू लागली.

"खाय वं माय. घे. आज साय टाकली हाय. तुले कोनी नाई म्हनत नाई आता. पोटभर खाय..."

उन्हाचा खांब चेहऱ्यावर पडला.

"आत्या!" भागिरथाच्या तोंडून निघूनच गेलं.

कस्तुराआत्याच्या हातातलं भांडं घरंगळलं. दहीभात खडीवर सांडला. पोत्यांमागून उभी राहिलेली बारा वर्षांची पोर पाहून ती भिंतीला टेकली. "तुळसे..."

"तुळसा नाई, आत्या! मी भागी! भागी हाय मी!" भागिरथा धावत गेली आणि तिने आत्याचे हात धरले.

मग आत्या बोलली. तुळसाला ताप भरला तेव्हा वैदूने लंघन सांगितलं होतं. अन्नाचा कण द्यायचा नाही. तीन दिवस ती एकच मागत होती, दहीभात. कस्तुराने चोरून भांडं भरलं, दारापर्यंत आली आणि आईच्या भीतीने परत गेली. तिसऱ्या दिवशी बारा वाजता तुळसा गेली.

"खोली बंद व्हती तवर ठीक व्हतं," आत्या डोळे पुसत म्हणाली. "दौलतनं उघडली. एक दिवस पायलं, त्या उजेडात ते उभी! मंग मी रोज आनून देतो. पन ते जात नाई वं. मोठी मोठी होऊन राह्यली!"

भागिरथाने बटाट्याची चकती उचलून तिच्यापुढे धरली. "आत्या, पाह्य. पयले चार-दोन चिलटं व्हते, उजेडात घोळले, तुले तुळसाआत्या दिसली. तू भात ठेवला, त्याले बुरशी आली, बुरशीवर चिलटांची पिल्लं पोसली. चिलटं वाढले, तुले ते अजून मोठी दिसली. तू अजून भात ठेवला!"

आत्या त्या काळ्या डोक्यांकडे किती तरी वेळ पाहत राहिली. मग उठली, घरात गेली आणि पलीकडून कडी लावली.

"आता सांगून देऊ साऱ्यायले!" फुलचंद म्हणाला.

"नाई," भागिरथा म्हणाली. "आत्यानं सांगतलं तर सांगतलं. आपन नाई सांगायचं."

"अन् रविवारी तुहे बाबा ऐकतीन कसे?"

"पयले झाडं वाचवू," भागिरथा म्हणाली.

हातांना काम मिळालं! काका संध्याकाळी आले तेव्हा वच्छलाने त्यांच्या हातात भिंग दिलं. काकांनी आधी भुवया उंचावल्या. "बारा वर्षं प्रयोगशाळेत होतो मी, पोट्टेहो!" मग त्यांनी मुळं पाहिली आणि खाली बसले.

"वरची खडी ओली राह्यते म्हनून हे जगतात," वच्छला घाईघाईने म्हणाली. "झाडं तहानेनं नाई मरून राह्यले, काका. मुळंच नाई तर पितीन कशानं?"

"अन् मी वरून झारीनं..." काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी अळ्यायले पानी पाजून राह्यलो व्हतो!"

झारी त्याच क्षणी माळ्यावर गेली. शुक्रवारी चौघांनी वरची वीतभर खडी उपसली, गोळे खड्ड्यात पुरले, 'हे कोनी ठेवलं?' या काकांच्या प्रश्नाला तिघांनी नुसत्या माना हलवल्या, खडी उकळत्या पाण्याने धुतली आणि पत्र्यावर पसरली. इंझोरीचं मे महिन्याचं ऊन! संध्याकाळपर्यंत खडी हात भाजेल इतकी तापली. मग ती परत भरून वर दोन बोटं कोरडी चाळलेली वाळू घातली. पाणी फक्त बादलीने, खालून, तेही वाळूपर्यंत चढू द्यायचं नाही. फुलचंदने पतंगाचे पिवळे कागद आणले, त्यांना एरंडेल फासलं आणि पेट्यांवर टांगले. उरल्यासुरल्या अळ्यांसाठी बटाट्याच्या चकत्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या.

शनिवारी सकाळी एकही रोप आडवं झालेलं नव्हतं. चाळीसपैकी बावीस उभी होती.

रविवारी उकंडराव भगत आले. मोठे मिशीवाले, हातात मोरपिसं, मागे अर्धं गाव. त्यांनी खोलीच्या उंबऱ्यावर डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई हाय. आत बाई हाय. भुकेली हाय!"

गर्दी एक पाऊल मागे सरली. भागिरथाने फुलचंदकडे पाहिलं. यांना कसं कळलं? तुळसाचं लंघन गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असणारच, हे तिच्या ध्यानात यायला क्षण गेला.

"मिरच्यांचा धूर द्या. झाडं उपटा. अन् खोलीभर दहीभात पसरा, एक्कावन्न मुठी! रोज! तवाच शांत होईन ते."

"आनतो," इंद्रभानजी वळले.

"बाबा, थांबा!" भागिरथा दारात आडवी झाली. "भूत नाई हाय अठी! चिलटं हायत!"

"बाजूले हो, भागे."

"महाराज, तुमी भूत बाटलीत भरता ना?" फुलचंद पुढे घुसला. त्याच्या हातात बाटली होती आणि बाटलीत काळा धूर फिरत होता. "आमी आधीच भरलं! अन् हे उरलेलं!" त्याने चिलटांनी काळा झालेला पिवळा कागद फडकवला. "घ्या, मोजून घ्या!"

कुणीतरी खुदकन हसलं. उकंडरावांच्या मिश्या थरथरल्या. "पोरं हायत. समजत नाई यायले. इंद्रभानजी, दहीभात आना!"

"नाई!"

गर्दी फाकली. कस्तुराआत्या घरातून बाहेर आली होती. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी आत्या! ती सरळ भगतासमोर जाऊन उभी राहिली.

"दहीभात नाई पायजे. तीन हप्ते मीच दिला, रोज. माह्याच हातानं." "त्याच्यानंच हे झालं. चिलटं मी पोसले. भावाची बाग मी मारली. या पोट्ट्यायले समजलं, पन यायनं माहं नाव नाई घेतलं." ती इंद्रभानजींकडे वळली. "इंद्रभान, झाडायले हात लावू नोको. माह्यी तुळसा अठी नाई."

मग इंद्रभानजी सावकाश खोलीत गेले. आत गारवा होता. उन्हाचे खांब मोकळे होते. त्यांनी वाकून वाळू चिमटीत घेतली, एका रोपाचा शेंडा वर उचलून पाहिला. त्याला पहिलं पिवळं फूल आलं होतं.

"बावीस उभे हायत?" त्यांनी विचारलं.

"बावीस!" तिघं एकदम ओरडली.

"दौलत, तुही पेटी माळ्यावर ठेव. रजा वाढवून घे." मग ते बाहेर येऊन म्हणाले, "उकंडराव, चहा घ्या अन् या." वच्छलाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. "तू गुरुजीची पोरगी ना? मांगच्या दारानं काहून येतं वं? पुढच्या दारानं येत जाय. अन् तुम्ही दोघं, शाब्बास! एवढं तर आमी मोठे असून पायलं नाई."

जगदेव गुरुजी गर्दीत होते. घरी जाताना त्यांनी वच्छलाला विचारलं, "भेव लागलं होतं?"

"लय," वच्छला म्हणाली.

"तरी पाह्यलंस," गुरुजी म्हणाले, आणि भिंग तिच्याकडेच राहू दिलं.

जुलैत त्या बावीस रोपांना दोन टोपल्या टोमॅटो लागले. काकांनी नोकरीचा राजीनामा टपालाने पाठवला आणि मरेपर्यंत इंझोरीतच राहिले. मानोऱ्याच्या शाळांतली मुलं त्यांची खोली बघायला यायची. उकंडरावांनी भगतपण सोडलं नाही, पण त्या गल्लीत ते पुन्हा आले नाहीत. फुलचंद कृषिसहायक झाला आणि आसेगावकडच्या शेतकऱ्यांना पिवळे कागद टांगायला शिकवत निवृत्त झाला. वच्छला विज्ञानाची शिक्षिका झाली. भागिरथाचं लग्न कारंज्याला झालं. तिच्या गच्चीवर आजही खडीतली रोपं आहेत आणि नातवंडांच्या प्रश्नांना ती 'गप बस' म्हणत नाही.

कस्तुराआत्या आणखी तेरा वर्षं जगली. त्या रविवारी, सगळे पांगल्यावर, भागिरथा तिला शोधत माजघरात गेली तर ती चटईवर गाढ झोपलेली होती. तुळसा गेल्यापासून आत्याने दुपारी कधी डोळा मिटलेला नव्हता, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. भागिरथाने आवाज न करता दार लोटून घेतलं. बाहेर बाराचं ऊन पडलं होतं आणि आत्या चार वाजेपर्यंत उठली नाही.